मिस्त्रीकाकांचं देणं

वॉरंटीतल्या गाडीला घरी पाना लावायचा नाही, असं शोरूमवाला सांगतो, शेजारी सांगतात, आणि ज्यांनी आयुष्यात कधी पाना धरला नाही ते तर फारच ठासून सांगतात. मला तो पाना हातात देऊन लावायला शिकवलं एका गॅरेजवाल्यानं. लोकांनी गाडीला स्वतः हात लावला नाही तरच ज्याची चूल पेटणार, अशा माणसानं. त्यांचं मी जे देणं लागते ते पैशात कधी बसलं नाही. बँकेत नोकरी केलेल्या बाईला न जुळलेला हिशोब टोचत राहतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या देवडीत त्यांचं गॅरेज होतं. पहारेकऱ्यासाठी बांधलेल्या त्या जागेत एक स्कूटर जेमतेम मावायची, बाकीच्या बोळातल्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या. पाटी नव्हती. काका माण तालुक्यातले, १९७२च्या दुष्काळात पुण्यात आलेले. बजाजची चेतकही त्याच साली आली. इटलीच्या पियाजिओशी असलेला परवान्याचा करार आदल्या वर्षी संपला होता, आणि व्हेस्पाच्याच घडणीची पण राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेतलेली गाडी आकुर्डीत बनू लागली. काकांना एका स्कूटर डीलरच्या सर्व्हिस स्टेशनात गाड्या धुण्याचं काम मिळालं. धुता धुता पाने पुसायला लागले, मग पाने द्यायला, मग फिरवायला.

आमच्या घरी चेतकचा नंबर लावला तेव्हा मी जन्मले नव्हते. गाडी दारात आली तेव्हा मी बालवाडीत होते. आकुर्डी आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, पण तिथून निघालेली गाडी आमच्यापर्यंत पोचायला ही एवढी वर्षं. ज्यांना दम नव्हता ते ऑन देऊन घ्यायचे. वडिलांकडे ऑन द्यायला पैसे नव्हते आणि दम भरपूर होता. गाडी आल्यावर मात्र त्यांनी तिच्या पोटात काय आहे याची चौकशी केली नाही. पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिलीलिटर ऑइल घालायचं एवढं त्यांना ठाऊक होतं. प्लग काळा झाला, गाडी उठेना, की ते ती ढकलत बोळात न्यायचे आणि हाक मारायचे, "मिस्त्री!" मी मागून प्लगपाना घेऊन चालायचे. काका प्लग काढत, पॉलिश पेपरनं घासत, फटीत फिलर गेज सरकवून बघत आणि मला विचारत, "काय दिसतंय?" मी सांगायचे, काळं आणि ओलं. "म्हंजी तेल जास्त पडतंय. सायबाला सांग." साहेबांना सांगायची माझी टाप नव्हती, पण प्लगाच्या रंगावरून इंजिनाचं पोट कळतं हे मला शाळेतल्या विज्ञानाआधी कळलं ते असं.

मुलगी म्हणून त्यांनी मला कधी बाजूला उभं केलं नाही, हे तेव्हा लक्षातही आलं नाही. त्यांच्याकडची पोरं हसायची. काका त्यांना केरोसीनमध्ये कार्बोरेटर धुवायला बसवायचे आणि टॉर्च माझ्या हातात द्यायचे. टॉर्च नीट धरणारा माणूस त्यांच्या लेखी निम्मा मेकॅनिक होता. हे मत मला आजही पटतं. आमच्या बँकेत फाइल नीट धरणारा माणूस तेवढाही मिळायचा नाही.

२००३ साली मला सहकारी बँकेत नोकरी लागली आणि मी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली. बिनगिअरची, चार स्ट्रोकची. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, पुढे येईल त्या कारणासाठी. पेढे घेऊन काकांकडे गेले. त्यांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि गाडीकडे न बघता म्हणाले, "पुस्तक कुठाय?" सर्व्हिस बुक इंग्रजीत. वॉरंटीचं पान काढून मला मोठ्यानं वाचायला लावलं. दोन वर्षं किंवा ठरावीक किलोमीटर, जे आधी होईल ते. कारखान्यातला दोष असेल तर भाग बदलून मिळेल. ब्रेक शू, बेल्ट, प्लग, केबल, बल्ब, रबराचे भाग यांची नेहमीची झीज त्यात नाही. बॅटरी आणि टायर ज्याचे त्याने बघावे. कूपनं वेळेवर वापरली नाहीत तर वॉरंटी नाही. एकेक वाक्य वाचून मी मराठीत सांगायचे, काका म्हणायचे, "परत वाच." बोळात उभं राहून मी माझ्या आयुष्यातला पहिला करारनामा खऱ्या अर्थानं वाचला. बँकेत रोज लोकांच्या सह्या घेत होते, पण इतक्या बारकाईनं काही वाचायला तिथं कुणी सांगितलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "आता ह्यातलं आपलं काय आन् कंपनीचं काय, त्ये ठरवू."

त्यांचा नियम सोपा होता. जिथं पॅकिंग तुटतं तिथं आपला हात नाही. दोन भागांच्या सांध्यात कागदाचं किंवा रबराचं पॅकिंग असतं. ते उघडलं की गाडी उघडली, हे कुणीही ओळखतो. इंजिनाचं हेड, बेल्टचं कव्हर, कार्बोरेटर, गिअरबॉक्स ही सगळी कंपनीची. वायर तर कापायचीच नाही, हौसेलासुद्धा नाही. नट सैल-घट्ट करायचा, तेल ओतायचं, हवा भरायची, पुसायचं, बघायचं, हे आपलं. कंपनीची कूपनं शिक्क्यानिशी, तारखेला, कंपनीतच करायची. मधल्या काळातलं आपण करायचं. आणि जे करू ते वहीत लिहायचं. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठलं तेल, पावती चिकटवलेली.

लिहिण्यावर त्यांचा एवढा जोर का, ते हळूहळू उलगडलं. सर्व्हिस स्टेशनात असताना काकांकडे क्लेमचं काम होतं. वॉरंटीत बदललेला जुना भाग फेकत नाहीत. त्याला गाडीचा नंबर, किलोमीटर आणि दोष लिहिलेलं टॅग बांधून ठेवतात आणि कंपनीकडे पाठवतात, मगच डीलरला त्याचे पैसे मिळतात. ते टॅग काका बांधायचे. कुठल्या टॅगला कंपनी होय म्हणते आणि कुठल्याला नाही, हे त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. भोरकडच्या एका शिक्षकाची गोष्ट ते सांगत. पैसे साठवून गाडी घेतलेली, दोष उघड कारखान्याचा, पण मधलं एक कूपन हरवलेलं. क्लेम गेला. काका सांगायचे, मास्तर काही बोलले नाहीत, पैसे भरून गाडी घेऊन गेले. "त्येंच्याकडं कागद नव्हता. आमाला दिसत हुतं दोष कुणाचा हाय, पण दिसून उपेग न्हाई." सर्व्हिस स्टेशन त्यांनी नंतर सोडलं. कारण विचारलं की म्हणायचे, पटलं नाही.

काय काय शिकवलं याची यादी करायला बसले तर हा लेख म्हणजे सर्व्हिस बुक होईल. दोन-तीन गोष्टी सांगते. पहिली, तेल. चार स्ट्रोकच्या स्कूटरला मोटरसायकलचं तेल चालतं असं पुष्कळ दुकानदार सांगतात. काकांनी नाना पेठेत नेऊन बाटलीवर बोट ठेवलं. मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, तिच्या तेलाच्या बाटलीवर एम-ए असतं. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा, तेलाच्या बाहेर. तिच्या बाटलीवर एम-बी. जपानी जासो मानकाची ही अक्षरं मी तोवर ब्रँडचंच काहीतरी समजत होते. तेल गरम असताना काढायचं, म्हणजे गाळ बरोबर येतो. खालच्या बोल्टचा वॉशर दर वेळी नवा, तो काही रुपयांचा असतो आणि त्यावर इंजिन अवलंबून असतं. बोल्ट आवळताना जोर दाखवायचा नाही. खालचं इंजिन ॲल्युमिनियमचं, आटे गेले की ती चूक आपली, कंपनी बघणार नाही. काढलेलं तेल गटारात ओतायचं नाही. ते डब्यात भरून काकांकडे द्यायचं, त्यांच्याकडून जुनं तेल नेणारा यायचा.

दुसरी, ब्रेक. मागचा ड्रम, दांडीच्या टोकाला नट, दांड्याची मोकळी हालचाल दहा ते वीस मिलिमीटर. ड्रमवर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला पोचला की शू संपले, मग नट कितीही फिरवा. हा बाण बघणारे लोक मला आजवर बोटावर मोजण्याइतके भेटले. पावसाळ्यात कात्रजच्या घाटातून येता-जाता आपल्या पुढे-मागे किती जण बाण न बघता चाललेत, हा विचार मी करायचा सोडून दिला आहे.

एअर फिल्टरची गोष्ट मजेची. आमच्या गाडीचा फिल्टर तेल पाजलेल्या कागदाचा. त्याला हवा मारायची नसते, धूळ धरणारं ते तेलच उडून जातं. ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा. पण हवा मारून दिली की गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून चौकाचौकात मारतात. काकांकडे कॉम्प्रेसर येईपर्यंत त्यांच्यावर ही वेळ आली नाही. आल्यावर गिऱ्हाईक मागायचंच. मग काका फिल्टर काढायचे, बघायचे, परत बसवायचे आणि म्हणायचे, "चांगला हाय, राहू दे." त्या कामाचे पैसे घेत नसत.

तो कॉम्प्रेसर घ्यायला ते आमच्या बँकेत आले होते. मुदत ठेव मोडायची म्हणत होते. मी म्हटलं, काका, ठेव मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या, व्याजाचा फरक फार पडत नाही आणि ठेव जागेवर राहते. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "वाच." मी सगळा वाचला. काउंटरच्या आत बसून माझी तेव्हा थोडी अडचण झाली, कारण इतकं वाचून दाखवायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि मागे रांग लागली होती.

आता ती घटना. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात काडीवर ऑइल खाली दिसायला लागलं. पार्किंगमधल्या फरशीवर, डाव्या बाजूला, एक तेलकट डाग. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी त्या मानानं पळायची नाही. काकांकडे नेली. ते खाली वाकले, बेल्टच्या कव्हरखालून बोट फिरवलं, वास घेतला. "क्रँकचं सील गेलंय. तेल आत बेल्टवर उडतंय." पाना त्यांच्या हाताशीच होता. कव्हर उघडून सील बदलणं त्यांच्यासाठी अर्ध्या दिवसाचं काम, आणि मला ते परवडणारं. त्यांनी पाना परत ठेवला. कव्हरच्या बोल्टांच्या डोक्यांवर टॉर्च मारला आणि मला दाखवलं. झिलई जशीच्या तशी, कडा कुठे खरवडलेल्या नाहीत, सांध्यावर धुळीची रेघ अखंड. "ह्ये असंच घिऊन जा. बाहेरूनबी पुसू नगंस."

सर्व्हिस सेंटरला वहीसकट गेले. काउंटरवरच्या तरुणानं वहीत मी स्वतः तेल बदलल्याची नोंद पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. बाहेर काम केलंय, वॉरंटी गेली. मी कूपनांचे शिक्के दाखवले, तेलाच्या पावत्या दाखवल्या. तो म्हणाला, आमच्याकडे नियम आहे. मी म्हटलं, नियम कुठे लिहिलाय ते दाखवा, पुस्तक माझ्याकडे आहे. तो आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, गुरुवारी एरिया सर्व्हिस इंजिनिअर येतात, ते बघतील. गाडी ठेवून मी चालत बँकेत गेले.

गुरुवारी मी रजा टाकली. इंजिनिअर मध्यम वयाचे, मितभाषी. त्यांनी आधी वही मागितली आणि उभ्यानंच सगळी चाळली. मग बोल्टांची डोकी बघितली, काकांनी बघितली होती त्याच क्रमानं. कव्हर उघडायला लावलं. आत मूळचं पॅकिंग, बेल्ट तेलानं चिंब, आणि सीलच्या ओठावरची बारीक स्प्रिंग जागेवरून सुटलेली. त्यांनी तरुणाला विचारलं, यात तेल बाहेर बदलल्याचा काय संबंध? तरुणाकडे उत्तर नव्हतं. सील वॉरंटीत, आणि सीलमुळे भिजला म्हणून बेल्टही. जुन्या सीलला टॅग बांधताना मी मुद्दाम थांबून पाहिलं.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या तरी टायरात हवा भरत होते. "पुढं बावीस, मागं एकोणतीस, ध्यानात हाय न्हवं?" एवढंच म्हणाले.

त्या इंजिनिअरनी विचारलेला प्रश्न फार मोठ्या ठिकाणी विचारला गेला, हे पुढे वाचनात आलं. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. प्रकरण मोटारींचं होतं, स्कूटरचं नव्हे. पण त्यात म्हटलं होतं की ग्राहकानं बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. अमेरिकेत साधारण याच अर्थाचा कायदा १९७५ पासून आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढलं. हे सगळं मला काकांना सांगायचं होतं. सांगितलंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर कागद लागंलच की?" लागेल, म्हटलं. "मग झालं."

भाच्यानं आता इलेक्ट्रिक घेतली आहे. चेतकसुद्धा २०२० पासून विजेवर पळते, हे बघायला वडील हवे होते; ऑइलचं माप चुकायचा प्रश्नच मिटला असता. भाचा म्हणतो, आत्या, यात करण्यासारखं काही नाही, सगळं सॉफ्टवेअर. त्याला खाली बसवून दाखवलं. टायर आहेत, त्यात हवा आहे. ब्रेक आहे, मागे ड्रम असेल तर बाणही आहे. चार्जिंगच्या सॉकेटात धूळ बसते, पाणी जातं. बॅटरीची पेटी मात्र कंपनीची, तिचा स्क्रूसुद्धा आपला नाही. काकांची रेघ जागेवरच आहे, तिच्या अलीकडची जागा तेवढी आकसली. ती फार आकसली याचं मला वाईट वाटतं. गाडीच्या आत काय चाललंय ते प्लगासारखं हातात घेऊन पाहता येत नाही. भाच्याला तसं वाईट वाटत नाही. त्याला वही मात्र करून दिली आहे.

माझ्या गाडीची वॉरंटी संपली त्यानंतर काही महिन्यांनी बेल्ट आणि रोलर झिजले. या वेळी मी थेट बोळात गेले. काकांनी कव्हर उघडलं, सगळं धुतलं, नवा बेल्ट, नवे रोलर, गिअर ऑइल, संध्याकाळपर्यंत गाडी तयार. मनात होतं की काका मजुरीत थोडं सोडतील, आणि आपण आग्रहानं पूर्ण द्यायची, म्हणजे आजवरचं काही तरी फिटेल. त्यांनी मजुरी सांगितली ती चोख, एक रुपया कमी नाही. बहुधा माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं.

"आगं, वॉरंटीत हुतीस तवा कंपनीचं गिऱ्हाईक हुतीस. आता माजं हाईस."

मी भिंतीला टेकलेल्या गाड्यांकडे पाहिलं. त्यातल्या बऱ्याच मी ओळखत होते. आमच्या बँकेतल्या दोघींच्या होत्या, समोरच्या वाड्यातल्या मुलाची होती, आणि त्यांच्या डिक्कीत एकेक वही असणार हेही मला ठाऊक होतं. वॉरंटीभर ज्यांना त्यांनी परत पाठवलं ते सगळे वॉरंटी संपल्यावर इथंच आले होते. हा धंदा होता की चांगुलपणा, हे त्यांनाही विचारलं नाही. मी पैसे मोजून दिले आणि पावती मागितली.

"पावती? कशापायी?"

"वहीला लावायला."

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे पावतीपुस्तक नव्हतंच. ज्याला त्याला कागद ठेवायला लावणाऱ्या माणसानं स्वतः कधी कागद दिला नव्हता. "उद्या ये," म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा अप्पा बळवंत चौकातून आणलेलं कोरं पावतीपुस्तक कार्बनसकट तयार होतं. गॅरेजच्या नावाची जागा रिकामी ठेवून त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, लिही तूच, माझं अक्षर कुणाला लागत नाही. मी लिहिलं. त्यांनी सही करायच्या आधी मला सगळी पावती मोठ्यानं वाचायला लावली.